मीटरगेज घरपोच मिळत नाही

२००८ साली अकोला-पूर्णा मार्गावर ब्रॉडगेजची गाडी धावू लागली, तेव्हा हिंगोलीत आनंद झाला आणि तो रास्तच होता. पूर्णेला बोचकी, पोरे आणि पाण्याचे मडके उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची कटकट संपली. त्या गडबडीत जुने रूळ कधी उचलले गेले, याकडे कुणाचे लक्ष गेले नाही. माझेही गेले नाही. दोनेक वर्षांनी धाकट्या पुतण्याने विचारले, "काका, मीटरगेजची गाडी केवढी असायची?" मी दोन्ही हात पसरून दाखवले आणि तेव्हाच लक्षात आले की मला ते नेमके सांगता येत नाही.

पूर्णा-हिंगोली हा सुमारे ८० किलोमीटरचा फाटा निजामाच्या रेल्वेने १९१२ मध्ये सुरू केला. पुढे १९६० च्या सुमारास तो वाशीम, अकोलामार्गे खांडव्याला जोडला गेला आणि आडबाजूचे हिंगोली स्टेशन उत्तर-दक्षिण मार्गावर आले. काचीगुडा-जयपूर मीनाक्षी एक्सप्रेस इथूनच जायची. 'हिंगोली डेक्कन' अशा पाटीखाली उभे राहून आम्ही मुलांनी राजस्थानी पागोटी पाहिली ती याच गाडीत. एवढी मोठी गोष्ट आपल्या गावातून गेली आणि तिचे एकही मोजमाप आपल्याकडे नाही, ही रुखरुख मला प्रतिकृती रेल्वेच्या, म्हणजे मोजून लहान केलेल्या रेल्वेच्या, नादाला लावून गेली. माझे झेरॉक्सचे दुकान आहे. इतिहासाची वा इंजिनिअरिंगची पदवी नाही. इथे जे लिहिले आहे ते चुका करत, पैसे घालवत शिकलेले आहे.

प्रतिकृती रेल्वे म्हटले की मराठी वाचकाला पुण्याचे भाऊ जोशी यांचे संग्रहालय आठवेल. कर्वे रस्त्यावर १९९८ पासून ते लोकांसाठी खुले आहे. पडदा सरकतो, दिवे मंदावतात आणि एक अख्खे शहर आपल्या गाड्यांसकट जागे होते. पोरासोरांबरोबर आलेले आजोबाच तिथे जास्त पुढे वाकलेले असतात. मी ते पाहून आलो तो भारावूनच. पण परतीच्या एसटीत डोक्यात एकच प्रश्न होता: यात आपली गाडी कुठे आहे? त्याचे उत्तर संग्रहालयात नव्हते, ते बाजारात होते. या छंदाचा माल जगभर तयार होतो, तो विकत घेणाऱ्यांच्या देशांतल्या रेल्वेचा. जर्मन माणसाला जर्मन इंजिन मिळते, इंग्रजाला इंग्रजी. हिंगोलीच्या माणसाला काय मिळते, हे मी शोधायला निघालो आणि पहिल्याच पावलाला हात पोळले.

जुन्या वस्तू विकणाऱ्या एका संकेतस्थळावर मला अमेरिकी बनावटीचा एक संच दिसला: इंजिन, चार डबे, गोल रूळ आणि वीज देणारा डबा. किंमत बेताची. पिना आपल्या प्लगमध्ये बसेनात, म्हणून बाजारातून पिन बदलणारा अडॅप्टर आणला, बटण दाबले आणि अर्ध्या मिनिटात खोलीत जळक्या रबराचा वास पसरला. चूक माझी होती. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३०. पिन बदलणारा अडॅप्टर पिनेचा आकार बदलतो, व्होल्ट बदलत नाही. तरी एक गोष्ट चांगली झाली. इंजिन शाबूत राहिले, कारण दोन रुळांवर चालणाऱ्या बहुतेक साध्या प्रतिकृती मुळात १२ व्होल्ट डीसीवर चालतात. मग मी आपल्याकडच्या एका इलेक्ट्रॉनिक्स विक्रेत्याकडून १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि मोटरचा वेग कमी-जास्त करणारे छोटे सर्किट मागवले. दोन्ही मिळून जेवणाच्या एका थाळीच्या आसपास पैसे गेले आणि इंजिन चालले. तेव्हापासून माझा नियम असा की परदेशातून वीज देणारा डबा मागवायचाच नाही. तो जड असतो, त्याचे टपाल महाग पडते आणि इथे आल्यावर तो निकामी असतो.

वीज सोपी होती. खरा गोंधळ अक्षरांचा. संकेतस्थळांवर प्रत्येक वस्तूपुढे एचओ, ओओ, एन, टीटी अशी अक्षरे असतात आणि नवखा माणूस त्यांना शर्टाच्या मापासारखे समजतो. ही अक्षरे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच दमात सांगतात. एक, मूळ वस्तू किती पटींनी लहान केली आहे, म्हणजे प्रमाण. दोन, दोन रुळांमध्ये अंतर किती, म्हणजे गेज. एचओ म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिलिमीटर गेज. या दोन आकड्यांचा गुणाकार करून पाहा: १४३५ मिलिमीटरच्या आसपास येतो. युरोप-अमेरिकेतल्या रुळांमधले प्रमाणित अंतर तेवढेच आहे. एन म्हणजे १:१६० आणि ९ मिलिमीटर, गुणाकार १४४०. म्हणजे बाजारातले सगळे गणित एका गृहीतावर उभे आहे: तुमची रेल्वे १४३५ मिलिमीटरची आहे.

आपली नाही. आपले ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे. भारतीय ब्रॉडगेजचे इंजिन १:८७ मध्ये केले तर रुळांमध्ये १९.३ मिलिमीटर अंतर हवे, मिळतात १६.५ चे. भारतीय गाड्या बनवणारे हौशी कारागीर बहुधा हा फरक पोटात घालतात. रुंद गाडी अरुंद रुळांवर चालते आणि जाणत्याला ती खुरमांडी घालून बसल्यासारखी दिसते. इंग्रजांचीही गंमतच आहे. त्यांचे ओओ हे १:७६ प्रमाण, पण रूळ तेच १६.५ चे. त्यांच्या घरच्या रेल्वेलाही तो रूळ अरुंदच पडतो, तरी त्यांनी ते निभावून नेले आहे. खरेदीच्या दृष्टीने लक्षात ठेवायचे ते एवढेच की एचओ आणि ओओ एकाच रुळावरून धावतात, पण शेजारी उभे केले तर एक गाडी दुसरीपेक्षा मोठी दिसते. विक्रेते 'एचओ/ओओ' असे एका दमात लिहितात ते रुळापुरते खरे आहे.

मीटरगेजचे काय? १८७० च्या सुमारास, लॉर्ड मेयोच्या काळात, हिंदुस्थानात दशमान मापे आणण्याचे घाटत होते, म्हणून दुय्यम मार्गांसाठी बरोबर एक मीटरचे अंतर धरले गेले. मापे आली नाहीत, रूळ मात्र आले. १८७३ मध्ये दिल्ली भागात पहिली मीटरगेज गाडी धावली. हजार मिलिमीटरला ८७ ने भागले की साडेअकरा येतात. बाजारात १२ मिलिमीटरचे रूळ एचओएम या नावाने मिळतात, आणि ते मिळतात ते स्वित्झर्लंडच्या कृपेने. तिथली ऱ्हेटियन रेल्वे मीटरगेज आहे, तिचे चाहते जगभर आहेत आणि त्यांच्यासाठी इंग्लंडमधली पेको, जर्मनीतल्या टिलिग आणि बेमो या कंपन्या हा माल बनवतात. ऱ्हेटियन रेल्वेच्या ब्रुसिओ इथे गाडी दगडी पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच मार्गाखालून निघते. त्या पुलाची चित्रे कॅलेंडरांवर छापली जातात. आमच्याच मार्गावर अकोट ओलांडून मेळघाटात धुळघाटला गाडी अशीच गोल फिरून स्वतःचा मार्ग ओलांडत असे. तो मार्ग २०१७ च्या सुरुवातीला बंद झाला. त्याचे कॅलेंडर मी तरी पाहिलेले नाही.

तर मी १२ मिलिमीटरच्या रुळांची चौकशी केली. इथे सीमाशुल्काचा विषय येतो आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ९५०३ क्रमांकाखाली खेळणी येतात आणि त्याच ओळीत 'लहान आकाराच्या प्रतिकृती, चालणाऱ्या वा न चालणाऱ्या' हेही शब्द आहेत. म्हणजे पन्नाशीच्या माणसाने इतिहासासाठी मागवलेले रूळ आणि पाच वर्षांच्या पोराची बाहुली एकाच रांगेत उभी राहतात. खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेले आणि २०२३ मध्ये ७० वर. देशातल्या खेळणी उद्योगाला आधार द्यायचा हा हेतू मला समजतो. पण मीटरगेजचे रूळ देशात बनवणारा कुणी मला सापडला नाही, तेव्हा माझ्या खरेदीपासून मी कुणाला वाचवले असते ते समजत नाही.

शुल्क नुसत्या वस्तूच्या किमतीवर लागत नाही. त्यात टपालखर्च आणि विमाही मिळवतात. म्हणून स्वस्त वस्तू आणि महाग टपाल हा सौदा दोनदा मारतो. पूर्वी पाच हजारांपर्यंतची वस्तू भेट म्हणून शुल्काविना येत असे. ती सवलत डिसेंबर २०१९ मध्ये, राखीसारखे अपवाद सोडून, काढून घेतली गेली. अजूनही काही विक्रेते उदारपणे विचारतात, "पाकिटावर भेट लिहू का? किंमत कमी दाखवू का?" नाही म्हणावे. खोटे आहे हे तर झालेच, शिवाय पार्सल हरवले तर पाकिटावर लिहिलेली किंमतच पुढे येते. आयएसआय चिन्हाचाही प्रश्न निघतो. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांना सक्तीचे आहे, पण तो आदेश १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. मोठ्यांसाठीच्या प्रतिकृतींच्या खोक्यावर बहुधा '१४ वर्षांवरील' असे छापलेले असते. विक्रेत्याला त्या बाजूचा फोटो मागावा आणि जवळ ठेवावा. कुरिअरवाले ओळखपत्राची प्रत मागतील, तीही तयार असू द्यावी. आमच्याकडे ४३१५१३ हा पिनकोड आणि फोन नंबर बरोबर असला की शेवटचा टप्पा सोपा असतो, पार्सल आणणारा मुलगा फोन करून विचारतो, "कोणत्या शाळेजवळ?"

हिशेब मांडला. बारा मिलिमीटरचे रूळ, दोन सांधे आणि स्विस इंजिनाची नुसती चौकट एवढ्यात माझ्या दुकानाचे दोन महिन्यांचे भाडे जात होते. मी तो नाद सोडला आणि उलट बाजूने विचार केला. जो रूळ जगात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त मिळतो, तो १६.५ मिलिमीटरचा. तोच एक मीटरचा मानला तर प्रमाण किती? एकास साठ. पण १:६० मध्ये दुसरे काहीच मिळत नाही. जवळचे प्रमाण १:६४. त्यात आपले मीटरगेज १५.६ मिलिमीटरचे होते आणि रूळ १६.५ चे, म्हणजे मिलिमीटरला थोडा कमी फरक. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या साडेतीन फुटी रेल्वेचे हौशी लोक नेमके हेच करतात हे मला नंतर कळले, तेव्हा वर्गात शेजाऱ्याच्या पाटीवर आपलेच उत्तर दिसावे तसा धीर आला.

१:६४ चा आणखी एक फायदा असा की खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या धातूच्या लहान मोटारी साधारण याच मापाच्या असतात. स्टेशनाबाहेर उभी करायची जीप हिंगोलीच्या दसरा प्रदर्शनात, रामलीला मैदानावरच्या पालात मिळाली. लहानपणी तिथूनच वडिलांनी मला पत्र्याची, चावीची आगगाडी घेऊन दिली होती.

म्हणजे बाहेरून घ्यायचे ते फार थोडे उरले: रूळ, सांधे आणि इंजिनाची चालती चौकट. चौकट म्हणजे मोटर, दात्यांची चाके आणि चाके. ती जुन्या मालातून घ्यावी. वायडीएम-४ हे मीटरगेजचे डिझेल इंजिन अल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेचे, सहा आसांचे. मी सहा आसांच्या एका अमेरिकी डिझेलची एचओ चौकट घेतली आणि वरची टोपी काढून ठेवली. लांबी चांगली जमली; चाके हवी त्यापेक्षा लहान आहेत, ते मी मान्य करतो. जुना माल घेताना वर्णनातले शब्द तोलून वाचावेत. 'तपासलेले नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा 'तपासले, चालले नाही' असा असतो. 'डीसीसी रेडी' म्हणजे डिजिटल यंत्रणेसाठी आत नुसती जागा आहे. यंत्रणा बसवलेली असेल तर शब्द वेगळे असतात. चाकांचा खालून काढलेला फोटो मागावा. मार्कलिन या जर्मन कंपनीची तीन बिंदूंवर वीज घेणारी इंजिने सुंदर असतात, पण त्यांच्या चाकांमध्ये विजेचा अडसर नसतो. साध्या दोन रुळांवर ठेवली की शॉर्टसर्किट होते. आणि रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्यावेत. त्यात चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्र धातू आहे, ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतात (आपल्या घरातली 'जर्मनची' भांडी मात्र ॲल्युमिनियमची). लोखंडी रूळ स्वस्त पडतात, पण एका पावसाळ्यात गंजतात.

जागा आधी मोजावी, मग मागणी नोंदवावी. संचातल्या सर्वांत लहान गोलाची त्रिज्या ३६० ते ३७० मिलिमीटर असते, तेव्हा तीन फूट रुंदीच्या दिवाणावर तो बसतो. पुढच्या मापाची त्रिज्या ४३८. तीन फुटांत तो कडेला लटकतो आणि इंजिन पडले की फरशीवरच पडते. माझे पडले आहे.

रुळांच्या उंचीलाही क्रमांक असतो: कोड १००, कोड ७५. हे इंचाचे हजारावे भाग. कोड १०० म्हणजे अडीच मिलिमीटर उंच रूळ. कोणता घ्यावा हे ठरवायला मूळ रूळ किती उंच होता ते कळायला हवे, आणि इथे बाजार संपतो.

ते मला एका गोठ्यात कळले. जुने रूळ लिलावात गेले, त्यातले काही परिसरातल्या गोठ्यांचे खांब झाले. बोल्ड्याच्या वाटेवरच्या एका शेतकरीदादांनी मला म्हैस बाजूला बांधून मोजू दिले. उंची ११४ मिलिमीटर, म्हणजे यार्डाला ६० पौंड वजनाचा हलका रूळ. ६४ ने भागले की १.८ मिलिमीटर. कोड ७५ चा रूळ १.९ असतो, तो जवळपास तंतोतंत बसतो. कोड १०० घेतला असता तर १६३ मिलिमीटर उंचीचा रूळ झाला असता, आज मुख्य मार्गांवर असतो तसला दणकट. माझ्या फाट्यावरून मग वायडीएम ऐवजी राजधानी धावली असती.

ही युक्ती पुढे सगळीकडे लावली. स्टेशनाचे नकाशे मिळेनात, तेव्हा दुकानात येणाऱ्यांना विचारू लागलो: तुमच्या घरी स्टेशनवर काढलेला फोटो आहे का? लोक स्टेशनचा फोटो काढत नसत. पण पाठवणीचा, हजला निघालेल्या आजोबांचा, सैन्यात चाललेल्या भावाचा काढत. माझ्याकडे असे १७ फोटो जमले आहेत. सगळे मी दुकानातच स्कॅन केले आणि मूळ परत दिले. त्यांत माणसे पुढे आणि मला हवे ते मागे असते: कुंपण, पाण्याचा नळ, पिवळ्या पाटीचा कोपरा, सिग्नलची शिडी. फोटोत रूळ दिसत असले की काम झाले, कारण त्यांच्यामधले अंतर आपल्याला ठाऊक आहे, बरोबर एक मीटर. त्याच अंतरावर, कॅमेऱ्यापासून तितक्याच लांब असलेली प्रत्येक वस्तू त्यावरून मोजता येते. रूळ नसतील तर विटांचे थर मोजायचे. एका फोटोत नवरी रडते आहे आणि तिच्या खांद्यावरून तिकीटखिडकीची कमान दिसते. त्या कमानीची उंची मी नवरदेवाच्या उंचीवरून काढली. ते गृहस्थ हयात आहेत. त्यांना दुकानात भिंतीला टेकून उभे केले आणि टेप लावली. त्यांनी आधी चपला काढल्या.

तिकडे परदेशात हे सगळे छापील मिळते. इंजिनाचा आराखडा, रंगाचा क्रमांक, डब्याच्या दांडीची जाडी. आपल्याकडे ते माणसांच्या आठवणीत आहे. वसमतचे एक निवृत्त सांधेवाले आहेत, वय ८४. सांध्याच्या तरफा कोणत्या क्रमाने ओढायच्या हे त्यांना विचारले तर तोंडाने सांगता येत नाही. मी त्यांच्यासमोर सहा पट्ट्या मांडल्या, त्यांनी डोळे मिटून हात चालवला आणि क्रम निघाला. मी तो लिहून घेतला, पण तिसरी आणि चौथी तरफ दोन वेळा उलटसुलट झाली.

फलाट मात्र पुरा उतरत नाही. ३०० मीटरचा फलाट १:६४ मध्ये पावणेपाच मीटर होतो. माझी भिंत १४ फुटांची आहे. मालधक्का कापला असता तर फलाट बराचसा बसला असता, पण मालधक्क्यावर हळदीची पोती होती आणि तिथेच बसून आम्ही गाडीची वाट पाहायचो. शेवटी फलाट आखडला, मालधक्का ठेवला. पोती शिवणयंत्राच्या कापडी चिंध्यांची केली आहेत, आत खरी हळद आहे. खोलीला वास येतो. खडी ओढ्यातल्या वाळूतून चहाच्या गाळणीने गाळली.

सध्या मागणीच्या यादीत कोड ७५ चे तीन रूळ आणि एक डावा सांधा आहे. टपालखर्च वाटून घ्यायला परभणीचा एक तरुण तयार झाला, की यादी पाठवीन. तोवर येत्या रविवारी पुन्हा वसमतला जायचे आहे, त्या तिसऱ्या आणि चौथ्या तरफेसाठी.